यातलं तुझं कुठलं?

मास्तर धोब्याकडून काळा कोट घेऊन घरी आले, तेव्हा त्यांच्या चाळीस वर्षांच्या मेहनतीला स्वयंपाकघरात उकळी फुटली होती.

पातेल्यावर झाकण होते. झाकणाखाली काहीतरी टकटक वाजत होते आणि शेजारी अक्का मनगटावरचे घड्याळ बघत उभी होती. अक्का ही मास्तरांची थोरली बहीण. मोठ्या इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत तिने तेहतीस वर्षे नर्सची नोकरी केली होती. ती घड्याळ लावून काही उकळत असली की ते खाण्याचे नसते, एवढे मास्तरांना अनुभवाने ठाऊक होते.

"काय आहे त्यात?"

"अजून चार मिनिटं. मध्ये बोलू नकोस, मोजणं चुकतं."

"अगं, पण आहे काय?"

"तुझं सामान."

मास्तरांनी कोट खुर्चीवर टाकला आणि झाकण उचलले. गुलाबी झालेल्या पाण्यात त्यांच्या अकरा जिभल्या वरखाली नाचत होत्या.

जिभली म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे, नाहीतर ही नुसती काड्या उकळल्याची गोष्ट वाटेल. मास्तर बसून वाजवत. बसून हे लाकडी फुंकवाद्य आहे. पाच तुकडे जोडून ते उभे करायचे, मग ते माणसाच्या डोक्याशी स्पर्धा करते आणि आवाज तळघरातून आल्यासारखा येतो. वाद्याचे नाव सांगितले की लोक म्हणत, "बसून वाजवता ते कळलं, पण वाजवता काय?" मास्तरांनी तरुणपणी या प्रश्नाला उत्तर दिले, मध्यम वयात चित्र काढून दाखवले, आणि साठीनंतर 'बासरीसारखंच काहीतरी' असे सांगून सुटका करून घेऊ लागले.

या वाद्याच्या वाकड्या नळीच्या टोकाला बोरूच्या दोन पातळ पात्या दोऱ्याने एकत्र बांधून बसवतात. ती जिभली. वाद्य केवढेही असो, बोलते ती बोटभर जिभली. विकतही मिळते, पण विकतची जिभली म्हणजे दुसऱ्याची कवळी. तोंडात बसते, आपली होत नाही. म्हणून बसूनवाले जिभल्या स्वतः करतात. काडी भिजवायची, चिरायची, तासायची, वाकवायची, बांधायची, महिनाभर विसरून जायची आणि पुन्हा तासायची. दहांतल्या नऊ बिघडतात. मास्तरांचे निम्मे आयुष्य वाजवण्यात नव्हे, खिडकीपाशी बसून सुरीने काड्या तासण्यात गेले होते.

त्या ओळखू याव्यात म्हणून त्यांनी दोऱ्याचे रंग ठरवले होते. लाल दोऱ्याची कार्यक्रमासाठी, निळ्या दोऱ्याची सरावासाठी, पांढऱ्या दोऱ्याची टाकाऊ. टाकाऊ जिभल्या मास्तर टाकून मात्र देत नसत. विद्यार्थ्यांना देत.

आता पातेल्यात लाल, निळे काही उरले नव्हते. लाल दोरा अक्काच्या शिवणाच्या डब्यातला होता आणि तो कच्च्या रंगाचा होता, ही गोष्ट चाळीस वर्षांनी उघडकीला आली. अकराच्या अकरा जिभल्या सारख्याच गुलाबी झाल्या होत्या आणि घरट्यातल्या पिलांसारख्या तोंडे वासून पडल्या होत्या.

मास्तर खुर्चीवर बसले. म्हणजे कोटावरच बसले.

"काल ती खोकली शिकायला आली होती ना," अक्का सांगू लागली. "मी दारातून बघितलं. तुझ्या पेल्यात तुझी जिभली भिजत होती आणि तिचीपण. एकाच पेल्यात. आणि ती अशी खोकत होती की कपाटाच्या काचा हलत होत्या. उद्या तुला रेडिओवर जायचंय. छाती भरली असती म्हणजे?"

"अक्का, त्या लाकडाच्या आहेत."

"तेहतीस वर्षं मी हत्यारं उकळली. एक हत्यार कधी बिघडलं नाही."

"ती लोखंडाची होती."

"चिमूटभर सोडा घातलाय मी. गंज धरायला नको म्हणून."

"लाकडाला गंज येत नाही."

"मग झालं तर," अक्का म्हणाली. "नुकसान कुठलं आलंय?"

नुकसान समजायला मास्तरांची कारकीर्द थोडक्यात सांगावी लागेल, आणि ती थोडक्यातच आहे. तीस वर्षे ते एका पंचकात वाजवत होते. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून. बासरी गाते, ओबो रडतो, क्लॅरिनेट हसतो, हॉर्न गर्जतो, आणि या सगळ्यांच्या खाली बसून 'पम, पम' करत सगळ्यांना धरून ठेवते. बसून नसेल तर घर कोसळेल, असे पुस्तकांत लिहिलेले असते. पण घराचा पाया बघायला कोणी तिकीट काढून येत नाही. वर्तमानपत्रांत एकदा पंचकाचा फोटो आला, त्यात मास्तरांच्या चेहऱ्यापुढे हॉर्नचा कर्णा होता.

अक्का प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन बसे. भावंडांची लग्ने राहून गेली होती, तिचे इस्पितळामुळे आणि मास्तरांचे बसूनमुळे. त्यामुळे पहिल्या रांगेत घरचे म्हणून दुसरे कोणी नसे. कार्यक्रम संपला की ती मागे येई, सगळ्यांची विचारपूस करी आणि घरी जाताना भावाला म्हणे, "छान झालं हो. यातलं तुझं कुठलं?"

पहिली काही वर्षे मास्तर गुणगुणून दाखवत. पुढे नुसते 'खालचं' म्हणत. हल्ली ते काहीच बोलत नसत. घरात ते भिंतीपलीकडच्या खोलीत रोज तीन तास वाजवत आणि अक्का अलीकडे विणत बसे. त्या वाजवण्याबद्दल तिने कधी अक्षर काढले नव्हते. ती ऐकत नसावी, असे मास्तर धरून चालले होते.

आणि आता, पंचक मोडायच्या वेळेला, कारण ओबोवाल्या बाई लेकीकडे राहायला निघाल्या होत्या, रेडिओने त्यांचे ध्वनिमुद्रण ठेवले होते. त्यात एक रचना अशी होती की चार मिनिटे बसून गाते आणि बाकीचे चौघे खाली 'पम, पम' करतात. तीस वर्षांत पहिल्यांदा. मास्तरांनी त्यासाठी लाल दोऱ्याची एक जिभली पाच महिने जपून ठेवली होती. त्यांना बक्षीस नको होते, फोटो नको होता. त्या चार मिनिटांनंतर अक्काला तो प्रश्न विचारता येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

ध्वनिमुद्रण उद्या सकाळी दहाला होते.

अक्काने जिभल्या चिमट्याने काढून स्वच्छ टॉवेलवर ओळीने मांडल्या. मास्तरांनी वाद्य जोडले आणि एकेक लावून बघितली. पहिली दारासारखी करकरली. दुसरीतून नुसता वारा गेला. तिसरीने बदक पायाखाली आल्यासारखा आवाज केला. प्रत्येक आवाजानंतर अक्का टॉवेलवर वाकून म्हणायची, "ही जरा बरी वाटते." सहावी नळाला पाणी येण्याआधी नळ जसा बोलतो तशी बोलली. सातवी खरोखरच जरा बरी होती. तीन सूर तिने नीट काढले, आणि चौथ्यावर घशात काही अडकावे तशी खाकरली. आठवीपासून अकरावीपर्यंत सांगण्यासारखे काही नाही.

"सातवी?" अक्काने विचारले.

नवी जिभली करायला महिना लागतो. वाद्याच्या दुकानात मागे एकदा विचारले होते तर दुकानदार परदेशातून मागवून देईन म्हणाला, सहा आठवड्यांत. ते उठले आणि भिंतीवरच्या टेलिफोनवरून बासरीवाल्यांना फोन लावला. पंचकाचे सगळे ठरवणारे तेच. जरा अडचण आहे, तारीख पुढे जाईल का, असे विचारायचे त्यांनी मनात घोळवले होते. पण बासरीवाले आधीच बोलायला लागले.

"बरं झालं तू फोन केलास. तुझं ते चार मिनिटांचं बसलंय ना नीट? नाही, नसेल तर आत्ता सांग बाबा. हॉर्नवाल्याने स्वतःचं एक तयार ठेवलंय. मला रोज विचारतोय."

"बसलंय की."

"मग फोन कशाला केलास?"

"वेळ विचारायला."

"तीस वर्षं आपण दहाला भेटतोय," बासरीवाले म्हणाले.

मास्तरांनी फोन ठेवला आणि दुसरा फोन लावायच्या आधी बराच वेळ भिंतीला हात टेकून उभे राहिले. गावात बसून वाजवणारा दुसरा एकच माणूस होता. दोघे एका गुरूकडे एका बाकावर शिकले होते, आणि सतरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. एका समारंभात त्याने चारचौघांत म्हटले होते की आमच्या मास्तरांचे वाजवणे ऐकू येत नाही, हाच त्याचा मोठा गुण. त्यानंतर मास्तरांनी जे जे वाजवले ते मनातल्या मनात त्याच्यावर मात करण्यासाठी वाजवले. आज त्याच्याकडे एक जिभली मागायची होती.

फोन त्यानेच उचलला. मास्तरांनी नाव न सांगता अडचण सांगितली.

"अरे, मी वाजवणं सोडलं," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. दात गेले, मग वाद्य विकून टाकलं. तुला कुणी बोललं नाही?"

"मी तुझ्याशी बोलत नव्हतो ना."

"हां, ते आहेच. जिभल्या होत्या पन्नासेक. सून म्हणाली, कचरा साठवू नका. तुझी बहीण बरी आहे?"

मास्तर बरी आहे म्हणाले. चार वर्षे ते रोज तीन तास ज्याच्यावर मात करत होते तो माणूस दुपारी झोप काढत होता. अकरा जिभल्या गेल्या त्याहून हे जास्त लागले.

अक्का एवढा वेळ टॉवेलपाशी बसून होती. तिच्या लक्षात आता सगळे आले होते. ती म्हणाली, "टाकाऊ असतात त्या पोरांना देतोस ना तू? त्यातली एखादी नाही का चालायची?"

टाकाऊ ती टाकाऊच, असे म्हणायला मास्तरांनी तोंड उघडले आणि मिटले. त्यांच्याजवळ त्या वेळी तीन विद्यार्थी होते. एकाने सहा महिन्यांपूर्वी सॅक्सोफोन धरला होता. दुसरा फक्त आईने पाठवले की येई, आणि आई गावाला गेली होती. उरली खोकली.

खोकली हे नाव अक्काने ठेवलेले. ती पस्तिशीची बाई, दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामावर होती. दिवसभर प्लास्टरची भुकटी नाकातोंडात जाई, म्हणून खोके. सहा वर्षे दर गुरुवारी न चुकता शिकायला येत होती. पहिली पाच वर्षे तिचा सूर ऐकून मास्तरांना आपण हा धंदा का पत्करला असे वाटे. जिभली वाजत नाही, असे ती दबकत म्हणाली की मास्तरांचे ठरलेले उत्तर असे, "जिभलीला नावं ठेवू नकोस. दोष फुंकणाऱ्यात असतो." हल्ली वर्षभर तिचा सूर बरा लागत होता आणि मास्तर त्याचे श्रेय आपल्या शिकवण्याला देत होते.

संध्याकाळी दिवे लागताना मास्तर वाद्याची पेटी घेऊन तिच्या कामाच्या जागी गेले. अरुंद जिना, वर तिची कामाची खोली. खोलीभर फळ्या, आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. मास्तर आत आले तेव्हा शंभरेक लोक त्यांच्याकडे बघून हसत आहेत असे दिसले.

"मास्तर, तुम्ही इथे?" ती पांढऱ्या हातांनी उठली. "अक्का बऱ्या आहेत ना?"

"अक्काला काय होतंय. तुझी जिभली बघायला आलो."

"आत्ता?"

"मी विद्यार्थ्यांच्या जिभल्या अधूनमधून तपासत असतो."

सहा वर्षांत त्यांनी एकदाही तपासली नव्हती. बाईला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावरही ती उभीच राहिली. मग तिने खणातून कवळी ठेवायची एक गुलाबी डबी काढली आणि पुढे केली. आत ओल्या कापसावर पांढऱ्या दोऱ्याची जिभली होती.

मास्तरांनी ती दिव्यापुढे धरली. आपल्या हाताने केलेली काडी माणूस ओळखतो. ही त्यांचीच होती, गेल्या की त्याच्या आधीच्या वर्षी नापास केलेली. पण तिच्या पात्या आता माशाच्या परासारख्या पातळ होत गेल्या होत्या आणि मधोमध एक कणा उजेडात सरळ दिसत होता. असा कणा मास्तरांना आयुष्यात कधी जमला नव्हता.

"ही कुणी तासली?"

ती टेबलाकडे बघत राहिली.

"मी काय सांगितलं होतं? दहा वर्षं सुरीला हात लावायचा नाही."

"सुरीला नाही लावला, मास्तर. आमच्या इथल्या कानशी असतात ना बारीक, त्यांनी घासली." मग तिने एकदमच सगळे सांगून टाकले. "तुम्ही दिलेल्या वाजायच्याच नाहीत. तुम्ही म्हणायचात दोष माझा. घरी जाऊन रडायचे मी. मग एक दिवस कवळी घासताना वाटलं, कवळी टोचली तर आम्ही माणसाला कधी दोष देत नाही. कवळी घासतो. तर ही पण घासून बघू. रागावलात का?"

मास्तर रागावले नव्हते. रागावण्यासाठी माणसाला कुठेतरी उभे राहायला जागा लागते. त्यांनी पेटी उघडून वाद्य जोडले, जिभली तोंडात धरून ओली केली आणि उद्याच्या रचनेच्या पहिल्या चार ओळी वाजवल्या. फळ्यांवरचे जबडे हलक्याने किणकिणले. सूर असा निघाला की वाजवणारा माणूस मध्ये कुठे नाहीच. शेजारच्या खोलीतला कवळ्यांचा मालक दारात येऊन उभा राहिला आणि सूर संपल्यावर परत गेला.

मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना खिडकीपाशी गेलेली चाळीस वर्षे दिसली. त्यांनी नापास केलेल्या सगळ्या काड्या, आणि नापास झालेल्या काड्या देऊन नापास केलेली सगळी मुले.

"तपासायला नेतो," ते म्हणाले.

"न्या की. तुमचीच आहे. दोरा तुमचाच आहे." मग खोकत खोकत ती म्हणाली, "उद्या रेडिओ आहे ना, मास्तर? साडेतीन मिनिटंच भिजवा. आणि ओठ घट्ट नका धरू. सैल सोडला की ती आपली आपण बोलते."

"बरं," मास्तर म्हणाले. गुरुवारी ती म्हणायची तसेच.

घरी अक्का जेवली नव्हती. अकरा जिभल्या टॉवेलवर तशाच होत्या आणि ती त्यांच्याजवळ हात जोडल्यासारखी बसली होती. आयुष्यात तिच्या हातून एकही रुग्ण बिघडला नव्हता.

"टाकून देऊ का रे?"

"टाकतेस कशाला?" मास्तर म्हणाले. "निघताना सातवी पुन्हा हळूच फुंकून बघितली. वाळल्यावर चांगली निघाली. तीच वाजवणार उद्या."

"खरंच?"

"उकळल्याने जरा मोकळी झाली असावी."

अक्का उठली, दोघांची पाने वाढली आणि बऱ्याच दिवसांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले. सकाळी ती आंघोळीला गेल्यावर मास्तरांनी पांढऱ्या दोऱ्यावर लाल दोरा गुंडाळला, कोणाला दिसायला नको म्हणून.

ध्वनिमुद्रणाबद्दल तक्रार करण्यासारखे काही घडले नाही. मास्तरांनी ओठ सैल सोडला आणि चार मिनिटे ती आपली आपण बोलली. हॉर्नवाले 'पम, पम' करताना दोनदा चुकले, कारण ऐकत होते. काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक म्हणाला की या वाद्याला असा आवाज असतो हे त्याला माहीत नव्हते. ओबोवाल्या बाई मात्र घाबरून जवळ आल्या.

"मास्तर, तुमच्या ओठातून रक्त येतंय."

मास्तरांनी रुमाल लावला. लाल दोऱ्याचा रंग होता.

"जिभली कुणाची रे?" बासरीवाल्यांनी विचारले. "तुझी नेहमीची नाही वाटत."

"माझीच," मास्तर म्हणाले, आणि उरलेल्या तीन रचनांत ते कोणाच्या डोळ्याला डोळा न देता वाजवत राहिले.

प्रसारण तिसऱ्या रविवारी संध्याकाळी होते. तेव्हा रेडिओ तापायला वेळ लागायचा, म्हणून अक्काने तो अर्धा तास आधीच लावून ठेवला. विणकाम बाजूला ठेवले. कार्यक्रमाला जायची पर्स मांडीवर घेऊन ती घरातच पहिल्या रांगेत बसल्यासारखी बसली. मास्तर मागे उभे राहिले.

चार मिनिटे झाली. मास्तरांना स्वतःचे वाजवणे बाहेरून ऐकायची सवय नव्हती, पण इतके त्यांना कळले की हे चांगले आहे आणि यापुढे याहून चांगले काही होणार नाही. शेवटी निवेदक कलाकारांची नावे वाचू लागला. बासरीवर अमुक, ओबोवर अमुक, क्लॅरिनेटवर अमुक, हॉर्नवर अमुक, "आणि बसूनवर होते," एवढे तो म्हणाला आणि तास पुरा झाल्याचे ठोके पडले. मग बातम्या सुरू झाल्या.

मास्तरांना त्याचे फारसे वाटले नाही. ज्याला सांगायचे ते माणूस समोर बसले होते, आणि आज त्याला विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

"छान झालं," अक्का म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "पण खोकलीला कधी नेलंस रे रेडिओवर?"

मास्तरांनी रेडिओ बंद केला.

"ती नव्हती. मी होतो."

"उगीच काहीतरी. दर गुरुवारी ऐकते मी तिला. शेवटाला सूर कसा सोडते, कुणी निजलं असेल त्याच्या जवळून पाय न वाजवता निघून जावं तसा. तू असा सोडलायस कधी? तू दार आपटतोस."

"तुला कळतं?"

"चार बोटांची तर भिंत आहे. चाळीस वर्षं तिच्या अलीकडे बसलेय मी."

मास्तर समोर येऊन बसले. त्यांना एकाच वेळी बरेच काही विचारायचे होते. त्यातले एकच बाहेर पडले.

"मग कार्यक्रमात दर वेळेला का विचारायचीस, यातलं तुझं कुठलं म्हणून?"

"सापडायचं नाही म्हणून," अक्का म्हणाली, यात न कळण्यासारखे काय आहे अशा सुरात. "घरी तू तीन सूर नीट वाजवतोस, चौथ्याला अडकतोस, शिवी देतोस आणि परत पहिल्यापासून. बारा बारा वेळा. मला पाठ आहे ते. तिथे जाऊन बसले की सगळं सरळ चाललेलं. मी आपली वाट बघायची, हा कुठेतरी अडकेल, मग कळेल आपल्याला. तू अडकायचासच नाहीस. मग विचारावं लागायचं."

मास्तरांनी खोकलीच्या जिभलीचे सगळे खरे सांगितले, कवळ्यांच्या खोलीपासून लाल दोऱ्यापर्यंत. शेवटी अक्का म्हणाली, "म्हणजे माझी सातवी नव्हतीच."

"नव्हती."

"तरी मला वाटलं. उकळून काही मोकळं होत नसतं." तिने पर्सचा बंद उघडला, लावला, पुन्हा उघडला. "सगळ्याच गेल्या ना त्या?"

मास्तर उठले. पलीकडच्या खोलीत गेले. टॉवेलातून सातवी जिभली काढली. ती आता वाळून आणखी वाकडी झाली होती. न भिजवताच त्यांनी ती लावली आणि रेडिओवर वाजवलेलेच पुन्हा धरले. तीन सूर नीट आले. चौथ्यावर ती भरल्या पोटाच्या माणसासारखी खाकरली. मास्तरांनी दात दाबून एक शिवी दिली, आणि परत पहिल्यापासून.

भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग विणकामाच्या सुया एकमेकींवर वाजू लागल्या.

"हं," अक्का म्हणाली. "आता आलास."